घोडा, रोग आणि सरहद्द

शर्यतीचा, उडीचा किंवा ड्रेसाजचा घोडा एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचे जाडजूड बाड जाते. त्यात घोड्याचे पारपत्र असते, लसींच्या नोंदी असतात, रक्ततपासणीचे अहवाल असतात. निघण्यापूर्वी तो किती दिवस कोणत्या तबेल्यात होता आणि त्या तबेल्याच्या आसपास कोणता आजार होता की नव्हता, यावर सरकारी पशुवैद्यकाची सही असते. या बाडातला जवळजवळ प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या साथीनंतर आलेला आहे. आधी रोग सरहद्द ओलांडतो आणि नियम मागून येतात. गेल्या दीडशे वर्षांत हाच क्रम राहिला आहे.

घोडा हा वाहतुकीचा आणि लष्कराचा कणा होता तेव्हा या इतिहासाची सुरुवात झाली. सप्टेंबर १८७२ च्या अखेरीस कॅनडातल्या टोरोंटो शहराजवळच्या घोड्यांना ताप, खोकला आणि नाकातून स्राव सुरू झाला. काही आठवड्यांत हा आजार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला आणि पुढच्या वसंत ऋतूपर्यंत कॅलिफोर्नियाला पोचला. आज त्याला अश्व-इन्फ्लुएन्झा म्हणतात. घोडे मेले थोडे, पण आजारी पडले जवळजवळ सगळे. ट्राम थांबल्या, कोळसा बंदरात पडून राहिला. ९ नोव्हेंबरला बोस्टन शहराला मोठी आग लागली तेव्हा आगीचे बंब माणसांना ओढावे लागले. विषाणू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसलेल्या त्या काळात जडसन नावाच्या डॉक्टरने गावोगावच्या तारखा गोळा करून साथीची वाटचाल मांडली. रोग हवेतून आपोआप उगवत नाही, रेल्वे आणि रस्त्यांवरून घोड्यांबरोबर प्रवास करतो, हे त्याने त्यावरून दाखवले. घोड्यांच्या रोगाची पाहणी म्हणून जे काम आज चालते त्याचा हा एक आरंभबिंदू मानता येतो.

दुसरा मोठा शत्रू ग्लँडर्स. नाकात व्रण, चिकट पू, कातडीखाली गाठी आणि शेवटी मृत्यू, असा हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि पूर्वी बहुतेक वेळा जीव घेत असे. त्यातली खरी अडचण अशी, की वर्षभर धडधाकट दिसणारा घोडासुद्धा तो पसरवत राहतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून सरहद्दीवर अशा घोड्याला अडवणे अशक्य. लोफलर आणि शुट्झ यांनी १८८२ मध्ये जर्मनीत या जिवाणूचा शोध लावला. १८९१ च्या सुमारास रशियन साम्राज्यात हेलमन आणि काल्निंग या पशुवैद्यकांनी मॅलेइन हे चाचणीचे द्रव्य तयार केले. ते टोचल्यावर रोगी घोड्याला सूज आणि ताप येतो, निरोगी घोड्याला येत नाही. काल्निंग स्वतः प्रयोगशाळेत ग्लँडर्सचा संसर्ग होऊन मरण पावला. चाचणी करा, रोगी निघाला तर मारून टाका, मालकाला भरपाई द्या, या कठोर पद्धतीने ब्रिटनने १९२८ पर्यंत ग्लँडर्स संपवला. आजही या रोगावर घोड्यांसाठी लस नाही आणि उपचाराला परवानगी दिली जात नाही.

भारतात याच काळात कायदे झाले ते मुख्यतः लष्कराच्या घोड्यांसाठी. मुंबईच्या बंदरात अरबी घोड्यांचा व्यापार जुना होता. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून वेलर जातीचे घोडे जहाजांनी येऊ लागले. १८९८ चा पशुधन आयात कायदा, १८९९ चा ग्लँडर्स आणि फार्सी (ग्लँडर्सचाच कातडीवरचा प्रकार) कायदा, १९१० चा डूरीन या अश्वरोगाबाबतचा कायदा हे तिन्ही त्या व्यवहाराच्या सावलीत जन्मले. संशयित घोडा ताब्यात घेणे, तबेल्यात शिरून तपासणी करणे, रोगी जनावर नष्ट करणे असे अधिकार ग्लँडर्सच्या कायद्याने निरीक्षकांना दिले, आणि हा कायदा २००९ चा नवा कायदा येईपर्यंत म्हणजे शंभराहून अधिक वर्षे टिकला. विज्ञानाची बाजूही इथे उभी राहत होती. १८८० मध्ये डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा परजीवी पाहिला. सस्तन प्राण्यात रोग घडवणारा ट्रिपॅनोसोम, म्हणजे रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी, सापडल्याची ही पहिलीच वेळ. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड याने सर्रावर बरेच काम केले. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि पुढे तिचीच भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. देशातल्या पशुरोग संशोधनाचा पहिला पाया पुण्यात पडला, हे पुणेकरांच्याही फारसे लक्षात नसते.

जहाजाच्या काळात एक सोय आपोआप होत असे. प्रवासालाच इतके आठवडे लागत, की इन्फ्लुएन्झासारखा झटपट उमटणारा आजार समुद्रातच दिसून येई आणि बंदर येण्याआधी ओसरूनही जाई. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला जपानचा स्वार निशी आपला युरेनस हा घोडा घेऊन प्रशांत महासागर ओलांडून गेला तो बोटीनेच. दुसऱ्या महायुद्धानंतर घोडे विमानाने जाऊ लागले आणि ही नैसर्गिक चाळणी गेली. इन्फ्लुएन्झाची लक्षणे संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत दिसतात. विमान त्याच्या आत जगाच्या दुसऱ्या टोकाला उतरलेले असते.

आंतरराष्ट्रीय नियमांचा पाया मात्र घोड्यांमुळे पडला नाही, गुरांमुळे पडला. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली झेबू गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बुळकांडीने तिथली गुरे मरू लागली. या धक्क्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये प्राण्यांच्या साथींसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. हेच पुढे ओआयई या नावाने ओळखले गेले आणि २०२२ पासून जागतिक प्राणी आरोग्य संघटना या नावाने काम करते. कोणत्या देशात कोणता रोग निघाला हे प्रत्येक सदस्याने इतरांना कळवायचे, हे त्याचे मूळ काम. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, अश्वारोहणाच्या स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ स्थापन झाला होता. एका संस्थेकडे रोगांची माहिती होती, दुसरीकडे घोडे होते. दोघांनी एकत्र बसून नियम लिहायला पुढे नव्वद वर्षे लागली.

तोपर्यंत देशांनी आपापल्या परीने दार बंद ठेवणेच पसंत केले. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक. ऑस्ट्रेलियात अनेक अश्वरोग मुळातच नव्हते आणि त्यांना बाहेर ठेवण्यासाठी परदेशी घोड्यांना सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा कायदा होता. स्पर्धेच्या घोड्याला सहा महिने सरावाविना कोंडणे म्हणजे त्याचा मोसमच संपवणे. ऑस्ट्रेलियन सरकारने कायदा शिथिल करायला नकार दिला, आणि १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने अश्वारोहणाच्या स्पर्धा स्वीडनला दिल्या. मेलबर्नचे खेळ नोव्हेंबरमध्ये सुरू व्हायचे होते. त्याआधी पाच महिने, १० ते १७ जून १९५६ या काळात, स्टॉकहोममध्ये २९ देशांचे स्वार उतरले. ऑलिम्पिक ज्योतही तिथे घोड्यावरून स्टेडियममध्ये आणली गेली. जर्मनीचा हान्स गुंटर विंकलर जांघेच्या स्नायूला दुखापत झालेली असताना हल्ला नावाच्या घोडीवर बसला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ते जिंकण्यात घोडीचाच वाटा मोठा होता असे अश्वारोहणाचे जाणकार अजूनही म्हणतात. ऑस्ट्रेलियाने तेव्हा नियम वाकवला नाही याबद्दल त्याला बरीच टीका ऐकावी लागली. पण आपल्या घोड्यांच्या दृष्टीने त्याचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही, कारण त्या काळी सरहद्दीवर विश्वास ठेवण्याजोग्या चाचण्या फारच थोड्या होत्या.

अशा चाचण्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आल्या. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय हा रोग फ्रान्समध्ये १८४३ पासून माहीत होता. एकदा विषाणू शिरला की घोडा आयुष्यभर तो अंगात वागवतो आणि रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तो एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेत लिरॉय कॉगिन्स याने रक्तातील प्रतिपिंडे ओळखणारी साधी आणि खात्रीची चाचणी शोधली. तिचे निगेटिव्ह प्रमाणपत्र हे अमेरिकेतल्या तबेल्यात इतके रोजचे झाले, की घोडेवाले त्याला नुसते ‘कॉगिन्स’ म्हणतात. १९७७ मध्ये इंग्लंडच्या न्यूमार्केटमध्ये घोड्यांच्या गर्भाशयाचा एक नवाच सांसर्गिक दाह उघडकीस आला आणि वर्षभरात केंटकीला पोचला. तेव्हापासून पैदाशीच्या नर-मादींच्या जननेंद्रियांतून फाये घेऊन तपासणे आयातीच्या नियमांत आले. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स या तिघांनी आपसांत घोड्यांची ये-जा सोपी करणारा वेगळा करारही केला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या आरंभी तो संपला आणि न्यूमार्केटचे घोडेवाले पुन्हा कागदांच्या गठ्ठ्यात अडकले.

काही रोगांच्या बाबतीत चाचणीनेच नवा पेच उभा केला. गोचिडांमुळे होणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिसचे परजीवी दक्षिण युरोप, लॅटिन अमेरिका आणि आशियातल्या पुष्कळ घोड्यांच्या रक्तात मुकाट राहतात. घोडा उत्तम धावतो, पण चाचणी पॉझिटिव्ह येते. अमेरिका अशा घोड्यांना आत घेत नसे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपुढे प्रश्न असा होता, की नियम जसाच्या तसा लावला तर जगातले कित्येक नामांकित घोडे घरीच राहतील. मार्ग काढला गेला तो मर्यादित सवलतीचा. पॉझिटिव्ह घोड्यांना वेगळ्या आवारात ठेवायचे, गोचिडांवर कडक नजर ठेवायची, झाडीतून जाणाऱ्या मार्गांवर त्यांना फिरकू द्यायचे नाही, आणि स्पर्धा संपताच परत पाठवायचे. तात्पुरत्या प्रवेशाची ही कल्पना पुढे फार उपयोगी पडली. पैदाशीसाठी कायमचा येणारा घोडा आणि पंधरा दिवस खेळून परतणारा घोडा यांच्यापासूनचा धोका सारखा नसतो, हे तिने स्पष्टपणे मान्य केले.

या सगळ्यात सर्वांत भयंकर रोग आफ्रिकेचा. आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा विषाणू क्युलिकॉइड्स जातीच्या बारीक चिलटांमधून पसरतो. रोग झालेला घोडा फुप्फुसात पाणी होऊन गुदमरतो, आणि नव्याने लागण झालेल्या प्रदेशात दहापैकी नऊ घोडेही दगावू शकतात. १८५४-५५ मध्ये केप वसाहतीत सुमारे सत्तर हजार घोडे गेले. दक्षिण आफ्रिकेत १९०८ मध्ये अर्नोल्ड थायलरच्या नेतृत्वाखाली ऑन्डरस्टेपोर्टची संशोधन संस्था उभी राहिली त्यामागे या रोगाचा मोठा हात होता. आशियाला त्याचा तडाखा बसला १९५९ ते १९६१ या काळात. इराण, इराक, तुर्कस्तान, पाकिस्तान असे करत तो १९६० मध्ये भारतात आला, आणि साऱ्या टापूत मिळून तीन लाखांहून अधिक घोडे, खेचरे आणि गाढवे मेली. भारतात तो कायमचा मुक्कामाला राहिला नाही, हे नशीबच.

युरोपाला धडा मिळाला १९८७ मध्ये. माद्रिदजवळच्या एका सफारी उद्यानात नामिबियाहून झेब्रे आणले गेले. झेब्र्याच्या रक्तात हा विषाणू चाळीस दिवसांपर्यंत फिरत राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. त्यांच्यावरून रोग स्पॅनिश घोड्यांत गेला, चिलटांनी तो तीन हिवाळे जगवला, १९८९ मध्ये पोर्तुगाल आणि मोरोक्कोही सापडले. स्पेनमध्ये शेवटचे रुग्ण १९९० चे. आणि १९९२ चे ऑलिम्पिक बार्सिलोनाला ठरलेले. जुन्या पद्धतीप्रमाणे सारा स्पेन बंद ठेवला असता तर स्टॉकहोमचीच पुनरावृत्ती झाली असती. त्याऐवजी युरोपीय समुदायाने देशाऐवजी प्रदेश हे माप धरले. १९९० आणि १९९२ च्या निर्देशांत ते लिहिले गेले. रोगाच्या ठिकाणाभोवती किमान शंभर किलोमीटरचा संरक्षक पट्टा, त्याबाहेर आणखी पन्नास किलोमीटरचा पाहणी पट्टा, पाहणी पट्ट्यात लस नाही, आणि हे सगळे किमान बारा महिने. पाहणी पट्ट्यात लस न देण्याचे कारण सरळ आहे. लस दिलेल्या घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे असतातच, मग रोग आला की नाही हे कळणार कसे? रोगमुक्त ठरलेल्या भागात बार्सिलोनाच्या स्पर्धा निर्विघ्न पार पडल्या.

हेच तत्त्व उलट्या दिशेने दक्षिण आफ्रिकेने वापरले. रोग देशातून जाणार नाही हे मान्य करून तिथल्या सरकारने १९९७ मध्ये केप टाउन शहराभोवती रोगमुक्त क्षेत्र आखले, त्याबाहेर पाहणी क्षेत्र आणि त्याहून बाहेर संरक्षण क्षेत्र. केनिलवर्थच्या चिलटविरोधी तबेल्यांतून घोडे निर्यात होऊ लागले. पण १९९९, २००४ आणि २०११ मध्ये या वर्तुळांच्या आतच रोग निघाला आणि प्रत्येक वेळी दोन वर्षांची वाट पाहणे नव्याने सुरू झाले. मधल्या काळात केपचे शर्यतीचे घोडे मॉरिशसमध्ये महिनोन्महिने विलगीकरणात काढून मग पुढे जात. २०२० मध्ये थायलंडमध्ये हाच रोग अचानक उद्भवला, पाचशेहून अधिक घोडे गेले आणि संशय पुन्हा आयात झेब्र्यांवरच गेला. माद्रिदनंतर तेहतीस वर्षांनी तीच चूक व्हावी, याला रोगाचे कर्तृत्व म्हणता येत नाही.

इन्फ्लुएन्झाची गोष्ट वेगळी आहे. तो मारत कमी, पण कुंपणांना जुमानत नाही. १९५६ मध्ये प्रागला आणि १९६३ मध्ये मायामीला त्याचे दोन वेगळे प्रकार ओळखले गेले. आज फिरतो तो मायामीचा वंशज. १९८७ मध्ये तो भारतात आला. पुन्हा २००८ मध्ये जम्मूतल्या कटरा येथे, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहणाऱ्या तट्टांमध्ये सुरू होऊन अनेक राज्यांत पसरला. १९९२ मध्ये हाँगकाँगच्या शा टिनमध्ये लस टोचलेल्या घोड्यांतही त्याने शर्यती बंद पाडल्या. तेव्हा कळले, की विषाणू बदलत राहतो आणि लसही त्याच्याबरोबर बदलावी लागते. त्यासाठी तज्ज्ञांचे एक मंडळ दरवर्षी विषाणूचे नमुने पाहून लसीत कोणता प्रकार असावा हे सुचवते. अश्वक्रीडा महासंघाने २००५ मध्ये नियम केला, की स्पर्धेला येणाऱ्या घोड्याला आधीच्या सहा महिने आणि एकवीस दिवसांत लस मिळालेली हवी, आणि स्पर्धास्थळी येण्यापूर्वीच्या सात दिवसांत ती दिलेली नसावी. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये लस दिलेल्या घोड्यांत इन्फ्लुएन्झा निघाला आणि तिथल्या शर्यती सहा दिवस थांबवाव्या लागल्या.

नियम कागदावर चांगला असून आचरणात कसा फसतो, हे ऑस्ट्रेलियाइतके कोणी महागात शिकले नसेल. १९५६ नंतर ऑस्ट्रेलियाने चाचण्यांच्या बळावर सहा महिन्यांची अट सोडली होती. १९९३ मध्ये आयर्लंडचा व्हिंटेज क्रॉप विमानाने येऊन मेलबर्न कप जिंकून गेला आणि २००० चे सिडनी ऑलिम्पिक तिथेच झाले. ऑगस्ट २००७ मध्ये जपानमध्ये बऱ्याच वर्षांनी इन्फ्लुएन्झा उसळला. त्याच महिन्यात तिथून पैदाशीचे घोडे सिडनीच्या ईस्टर्न क्रीक विलगीकरण केंद्रात आले. काही दिवसांतच विषाणू केंद्राबाहेर होता. मेटलंड येथे एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेला जमलेले घोडे तो घेऊन घरोघर गेले. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये दहा हजारांच्या आसपास जागांवर तो पोचला, घोड्यांची सगळी वाहतूक थांबवली गेली आणि वर्षअखेरीस साथ आटोक्यात आली. निवृत्त न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांच्या चौकशीने २००८ मध्ये कारण सांगितले ते अगदी साधे. विषाणू बहुधा केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगावरून किंवा वस्तूंवरून गेला. आंघोळ करून कपडे बदलूनच बाहेर पडायचे हा नियम होता, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. चौकशीचा रोख व्यवस्थेच्या ढिलेपणावर होता, आणि तो योग्यच होता.

पुढची पायरी चीनने चढायला लावली. बीजिंगला २००८ चे ऑलिम्पिक मिळाले, पण तिथल्या घोड्यांच्या आरोग्याची पुरेशी माहिती बाहेरच्या देशांकडे नव्हती. बीजिंगहून परतणाऱ्या घोड्यांना घरी घेणार कोण, हा प्रश्न होता. म्हणून २००५ मध्ये स्पर्धा हाँगकाँगला हलवल्या गेल्या. १९५६ नंतर दुसऱ्यांदा रोगाच्या नियमांमुळे ऑलिम्पिकचे घोडे यजमान शहरापासून दूर पळाले. बीजिंगच्या खेळांनंतर दोन वर्षांनी, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धांसाठी, चीनने स्वतःच उत्तर तयार केले. कोंगह्वा परिसरात दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठे अश्वरोगमुक्त क्षेत्र आखले, त्याभोवती पाहणीचे आणि संरक्षणाचे पट्टे ठेवले आणि घोड्यांच्या ये-जेवर सक्त बंधन घातले. युरोपीय संघाने ते मान्य केले आणि घोडे आले-गेले. खेळ संपल्यावर ते क्षेत्र मोडले नाही. २०१८ मध्ये हाँगकाँग जॉकी क्लबने तिथेच आपले मोठे सराव केंद्र उघडले. जकार्ता, रिओ आणि हांगझोऊ यांनी पुढे हीच वाट धरली. रिओत तर ग्लँडर्सच्या भीतीने देओदोरोच्या लष्करी आवारातले घोडे खेळांच्या कितीतरी आधी बाहेर न्यावे लागले.

प्रत्येक यजमानाने नवे क्षेत्र उभारायचे, हे खर्चिक होते. म्हणून जमिनीऐवजी घोड्यांचा गटच वेगळा मानण्याची कल्पना पुढे आली. जागतिक प्राणी आरोग्य संघटना, अश्वक्रीडा महासंघ आणि शर्यतींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून ‘उच्च आरोग्य, उच्च कामगिरी’ घोड्यांची व्याख्या केली आणि २०१४ मध्ये ती संघटनेच्या संहितेत आली. नोंदणी झालेला, पशुवैद्यकाच्या सतत देखरेखीखाली असलेला, इतर घोड्यांपासून वेगळा राहिलेला आणि प्रत्येक मुक्कामाची नोंद असलेला घोडा नव्वद दिवसांपर्यंत परदेशी राहून परत येऊ शकतो, आणि त्याच्यासाठी मोजक्या सहा रोगांची हमी पुरते, असा त्याचा सारांश. कल्पना शहाणपणाची आहे. ती सगळीकडे सारख्या वेगाने स्वीकारली गेलेली नाही, कारण परक्या देशाच्या सहीवर विश्वास ठेवायचा की नाही हे शेवटी प्रत्येक सरकार स्वतःच ठरवते.

ओळख पटवणे हा या सगळ्याचा पाया. घोड्याच्या पारपत्रात त्याची रेखाकृती असते आणि तीवर टिळा, पायमोजे आणि केसांचे भोवरे खुणांनी दाखवतात. मराठी घोडेवाले ज्या भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवत, तेच भोवरे अश्वक्रीडा महासंघाच्या लोझानच्या कार्यालयात ओळखीचा पुरावा ठरतात. २०१३ पासून महासंघाकडे नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांच्या मानेत मायक्रोचिपही सक्तीची झाली.

टोकियोचे ऑलिम्पिक करोनामुळे २०२१ मध्ये झाले तेव्हा ही यंत्रणा पूर्ण ताकदीने चालली. युरोपातले घोडे साठ दिवस आरोग्यपाहणीखाली होते, मग जर्मनीतल्या आखेनमध्ये सात दिवस विलगीकरणात, आणि तिथून बेल्जियमच्या लीएजहून दुबईमार्गे हानेदा विमानतळावर उतरले. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक मिळून ३२५ घोड्यांची ने-आण ठरली होती. त्याच वर्षी, काही महिने आधी, युरोपाने आपल्या घरातले भगदाड पाहिले होते. फेब्रुवारीत स्पेनच्या व्हॅलेन्सियात उड्यांच्या स्पर्धामालिकेत घोड्यांच्या नागीणवर्गीय विषाणूची, म्हणजे ईएचव्ही-१ ची, मज्जासंस्थेवर हल्ला करणारी साथ पसरली. निदान होण्यापूर्वीच अनेक घोडे इतर देशांकडे निघून गेले होते. अठरा घोडे दगावले. युरोपातल्या मुख्य भूमीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ११ एप्रिलपर्यंत बंद ठेवाव्या लागल्या. सरहद्दीवरच्या नियमांनी इथे काही अडवले नव्हते, कारण युरोपीय संघात घोड्यांना सरहद्द जवळजवळ उरलेलीच नाही. त्यानंतर अश्वक्रीडा महासंघाने स्पर्धास्थळाचेच नियम घट्ट केले. घोड्याचे तापमान रोज मोजून नोंदवायचे, आगमन आणि प्रस्थान मोबाइलवरील अॅपमध्ये दाखवायचे, आयोजकाने आजारी घोड्यांसाठी वेगळे तबेले तयार ठेवायचे. थर्मामीटर हातात घेणारा मोतद्दार आता या व्यवस्थेतला पहिला पहारेकरी आहे.

भारतीय स्वारांना या नियमांची किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागली आहे. ग्लँडर्स देशातून गेला असे वाटत असताना २००६ मध्ये महाराष्ट्रातल्या घोड्यांत तो पुन्हा निघाला आणि नंतरच्या वर्षांत अनेक राज्यांत आढळत राहिला. भारतात वाढलेला घोडा थेट युरोपात स्पर्धेला नेणे त्यामुळे फार अवघड झाले. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण मिळवले. अश्वारोहणातले भारताचे ते एक्केचाळीस वर्षांतले पहिले सुवर्णपदक. हृदय मुंबईचा, पण चौघांचाही सराव युरोपात झाला आणि घोडेही तिथूनच चीनला गेले.

जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रातले भारताचे पहिले अश्वरोगमुक्त कंपार्टमेंट, म्हणजे बाहेरच्या घोड्यांपासून वेगळे राखलेले आवार, जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या मान्यतेने जाहीर झाले. संसर्गजन्य रक्तक्षय, इन्फ्लुएन्झा, पायरोप्लाझ्मोसिस, ग्लँडर्स आणि सर्रा या पाच रोगांपासून ते मुक्त आहे. आफ्रिकन हॉर्स सिकनेसपासून तर संपूर्ण देश २०१४ पासून अधिकृतपणे मुक्त मानला जातो. कंपार्टमेंटच्या कुंपणाबाहेर वीटभट्ट्यांवरची गाढवे, यात्रेच्या वाटांवरची खेचरे आणि लग्नाच्या वरातीतली घोडी आहेत. ग्लँडर्स सापडतो तो बहुतेक याच जनावरांत. त्यांची नियमित तपासणी आणि मालकांना वेळेवर भरपाई मिळू लागेपर्यंत भारतीय घोड्याला परदेशी स्पर्धेचा रस्ता मेरठसारख्या कुंपणांमधूनच काढावा लागेल.